पहिल्या गाडीची बॉडी: कार्बन, ग्लास फायबर की सनपॅक?

शेल इको-मॅरेथॉन म्हणजे कमीत कमी ऊर्जेत जास्तीत जास्त अंतर कापण्याची विद्यार्थ्यांची स्पर्धा. तिच्या 'प्रोटोटाइप' गटासाठी गाडी बांधायला घेतली की टीममध्ये पहिला वाद बॉडीवरून होतो. बहुतेकांना कार्बन फायबरच हवं असतं, कारण डोळ्यांसमोर झुरिकच्या ईटीएच विद्यापीठाची 'पॅक-कार २' असते. वजन जेमतेम २९ किलो आणि २००५ साली १ लीटर पेट्रोलइतक्या ऊर्जेच्या हायड्रोजनवर ५,३८५ किलोमीटरचा विक्रम. पण तिचा ड्रॅग गुणांक (आकाराला हवा किती अडवते ते सांगणारा आकडा) ०.०७५ इतका खाली आला तो आकारामुळे, कार्बनमुळे नव्हे.

आधी हिशेब मांडा. गाडी ४० किलो, चालक ५० किलो, वेग ताशी २५ किलोमीटर. उत्तम टायर असतील तर चाकांचा विरोध साधारण १.३ न्यूटन. ड्रॅग गुणांक ०.१२ आणि समोरचं क्षेत्रफळ ०.३ चौरस मीटर धरलं तर हवेचा विरोध १ न्यूटनच्या आसपास. बॉडी ५ किलोंनी हलकी केलीत तर वाचतात फक्त ०.०७ न्यूटन. उलट चाकं उघडी राहिली, सांधे वरखाली बसले आणि गुणांक ०.१५ वर गेला, तर पाव न्यूटनचा फटका. 'अर्बन कॉन्सेप्ट' गटात मध्ये थांबून पुन्हा निघावं लागतं, तिथे वजन जास्त भोवतं.

सनपॅक म्हणजे फलकांसाठी वापरतात तो पोकळ प्लास्टिकचा पत्रा. स्वस्त आणि हलकं. दोन दिवसांत बॉडी उभी राहते. पण ते एकाच दिशेने वळतं. नाकाचा दोन्हीकडून गोल आकार त्यात येत नाही, कडा पडतात आणि हवेचा प्रवाह तिथेच बॉडीपासून सुटतो. चाचणीपुरतं ठीक, स्पर्धेला नको.

खरी निवड कार्बन आणि ग्लासमध्ये. कार्बनचा धागा ग्लासच्या तिप्पट ताठ असतो, त्यामुळे कमी थरांत भागतं. पण कापड महाग, आणि वाया गेलेला एक पॅनेल बजेट खातो. शिवाय तो वीज वाहतो, म्हणून बॅटरीच्या गाडीत वायरिंग जपावं लागतं. ॲल्युमिनियमला थेट टेकला तर ॲल्युमिनियम गंजतं.

ग्लासच्या बॉडीचं वजन रेझिन (कापड भिजवून घट्ट करणारा द्रव) किती बसतं त्यावर ठरतं. ५ चौरस मीटरच्या बॉडीला चौरस मीटरला २०० ग्रॅम वजनाच्या कापडाचे तीन थर म्हणजे ३ किलो कापड. हाताने रेझिन लावलं तर तेवढंच रेझिन बसतं, एकूण ६ किलो. व्हॅक्यूम बॅग (हवा ओढून थर दाबणारी आणि जास्तीचं रेझिन काढणारी पिशवी) वापरली तर ५ किलोंत काम होतं. थर्माकोलचा प्लग (ज्यावरून आकार घेतात तो नमुना) असेल तर इपॉक्सीच घ्या. पॉलिएस्टर रेझिनमधलं स्टायरीन थर्माकोल विरघळवतं आणि आठवडाभर घासलेला आकार डोळ्यांदेखत खचतो. घासताना मास्क हवाच, ग्लासची धूळ वाईट.

पहिलं वर्ष असेल तर माझं मत ठाम आहे: ग्लास फायबर, व्हॅक्यूम बॅग आणि चाकं बॉडीच्या आत. वाचलेला पैसा टायर आणि साच्यावर घाला. साचा नीट बनवून जपलात, तर पुढच्या वर्षी त्यातूनच कार्बनची बॉडी काढता येईल.