स्वर्गारोहण पर्व आधी वाचू की दांते? माझं मत सांगतो

मागच्या महिन्यात काकांच्या दहाव्याला साताऱ्याजवळच्या संगम माहुलीला गेलो होतो, कावळा शिवेना म्हणून सगळे घाटावर बसून होतो, तेव्हा मावसभाऊ हळूच म्हणाला, दादा, मेल्यानंतरच्या जगातल्या प्रवासाचं काहीतरी वाचायचंय, गोष्टीसारखं, प्रवचन नको, तर महाभारताचा शेवट घेऊ का त्या इटालियन कवी दांतेचं? तिथं काय नीट सांगता आलं नाही, म्हणून इथं लिहितोय.

आधी वेळेचं बघा. महाप्रास्थानिक आणि स्वर्गारोहण ही महाभारताची शेवटची दोन पर्वं, पुण्याच्या भांडारकर संस्थेच्या चिकित्सक (हस्तलिखितं ताडून ठरवलेल्या) आवृत्तीत ३ आणि ५ अध्याय, बस्स, रात्री जेवण उरकून बसलात तर झोपायच्या आत होतं. दांतेची डिव्हाइन कॉमेडी म्हणजे १०० सर्गांचं काव्य, त्यात प्रवासी तो स्वतःच, नरक ३४, मग पापं फेडायचा डोंगर ३३, स्वर्ग ३३. महिना-दोन महिने धरून चाला आणि टिपा असलेलीच आवृत्ती घ्या, कारण सन १३०० च्या आसपासचं त्याच्या फ्लॉरेन्स शहरातलं राजकारण, कोण कुठल्या गटाचा, हे कळल्याशिवाय निम्मी माणसं नुसती नावं राहतात.

जग उभं करण्यात दांते फार पुढे आहे, यात वादच नाही. नरकाची नऊ वर्तुळं, प्रत्येक पापाला जुळेल अशी शिक्षा, आणि एकदम तळाला आग नाहीच, बर्फ, त्यात छातीपर्यंत रुतलेला सैतान. कागदावर नकाशा काढता येतो इतकं पक्कं. व्यासांकडे नरकाची एकच वाट, अंधार, केसांचं शेवाळ, रक्तामांसाचा चिखल, उकळत्या पाण्याची नदी, तलवारीसारख्या पानांचं रान. थोडक्यात उरकलंय, पण तो वास डोक्यातून जात नाही.

आता खरी गोष्ट. आपलं माणूस नरकात भेटतं तो प्रसंग दोन्हीकडे आहे आणि मी निवड तिथंच करतो. दांतेला सातव्या वर्तुळात ब्रुनेत्तो लातिनी भेटतात, त्याला गुरूसारखे. वरून आगीचा पाऊस, चेहरा करपलेला, तरी दांते ओळखतो. हा वर बांधावर, ते खाली, ह्याच्या कपड्याचा काठ धरून. हा मान खाली घालून, आदराने, त्यांच्या बरोबरीने चालत बोलतो, आणि मग ते पळत आपल्या घोळक्याकडे जातात, हा पुढच्या वाटेला लागतो. तिथला न्याय ठरलेला, थांबायला जागाच नाही. वाचून पोटात तुटतं.

धर्मराज मात्र थांबतो. दुर्योधन स्वर्गात सिंहासनावर बसलेला तो नुकताच बघून आलाय, इथं वास सहन होईना म्हणून मागे फिरलाय, तेवढ्यात अंधारातून आवाज येतात, जरा थांब, तुझ्या अंगावरून येणाऱ्या वाऱ्याने बरं वाटतंय. कोण आहात? मी कर्ण, मी भीम, मी अर्जुन, मी द्रौपदी. आणि तो देवदूताला सांगतो, तू जा, मी इथंच राहणार. हे सगळं नुसती माया आहे, जरा वेळात विरणार आहे हे त्याला तेव्हा माहीत नाही, म्हणून मला ते इतकं मोठं वाटतं. नंतर इंद्र येऊन अश्वत्थाम्याच्या निमित्ताने द्रोणांना फसवलं म्हणून हा नरक बघावा लागला असा हिशोब सांगतो, तो भाग मला घाईचा वाटतो, खरं सांगायचं तर नसता तरी चाललं असतं.

गरुडपुराणाचंही मावसभावाने विचारलं. वैतरणी, यमपुरीची वर्षभराची वाट, सगळं आहे त्यात, पण घरात नुकतं कोणी गेलं असेल तर एकट्याने वाचू नका, शिक्षांची वर्णनं आपल्याच माणसाला चिकटतात.

तर माझं म्हणणं, दुःख ताजं असेल तर स्वर्गारोहण, आणि मन थाऱ्यावर असेल, लांबचा प्रवास हवा असेल तर दांते. भावाला मी पहिलंच दिलं. त्या दिवशी घाटावरून निघताना त्याला सातारच्या थोरल्या शाहू महाराजांच्या खंड्या कुत्र्याची समाधी दाखवली, वाघापासून महाराजांचा जीव त्याने वाचवला असं सांगतात, आणि कुत्र्याला सोडून स्वर्गाच्या रथात बसायला नकार देणाऱ्या युधिष्ठिराची गोष्ट तिथंच उभं राहून सांगितली. काल त्याचा फोन आला, दादा, आईलापण वाचून दाखवलं.