सिंकथिंग: सर्व्हर न लावता सेल्फ-होस्टिंग

सेल्फ-होस्टिंग, म्हणजे कंपनीच्या क्लाउडऐवजी सगळं स्वतःच्या मशीनवर चालवणं, म्हटलं की लोक थेट डोमेन, डॉकर, रिव्हर्स प्रॉक्सी अशा सर्व्हरच्या जोडणीपासून सुरुवात करतात आणि थोड्या दिवसांत वैतागून परत जिथे होते तिथेच जातात. ज्यांना फक्त स्वतःच्या फाइली स्वतःच्याच मशीनवर ठेवायच्यात आणि लॅपटॉप-फोन दोन्हीकडे सारख्या हव्यात, त्यांनी बाकी सगळं बाजूला ठेवून आधी सिंकथिंग हे फाइली सिंक करणारं सॉफ्टवेअर लावावं असं माझं मत झालंय. फुकट आहे, ओपन सोर्स आहे, २०१३ पासून चालू आहे, आणि मुख्य म्हणजे कंटाळवाणं आहे, म्हणजे एकदा लावलं की त्याची आठवणच येत नाही.

यात फाइली साठवणारा मधला सर्व्हर हा प्रकारच नाही. प्रत्येक डिव्हाइसला एक लांबलचक आयडी मिळतो, तो त्या डिव्हाइसच्या सर्टिफिकेटवरूनच (त्याच्या डिजिटल ओळखपत्रावरून) निघतो, कुठे खातं उघडायचं नाही की ईमेल द्यायचा नाही. एका मशीनवर दुसऱ्याचा आयडी टाकायचा किंवा क्यूआर कोड स्कॅन करायचा, समोरून होकार द्यायचा, झालं. दोन्ही मशीन एकाच वायफायवर असतील तर थेट बोलतात, बाहेर असाल तर डिस्कव्हरी सर्व्हरवरून एकमेकांचा पत्ता काढतात आणि तेही जमलं नाही तर मधे रिले, म्हणजे डेटा पुढे ढकलणारा सर्व्हर, येतो. हे रिले स्वयंसेवक चालवतात, त्यांना कोण कोणाशी जोडलंय आणि किती डेटा गेला एवढं कळतं, आत काय आहे ते नाही, कारण एका मशीनपासून दुसऱ्या मशीनपर्यंत सगळं एन्क्रिप्ट होऊनच जातं. तेवढंही कोणाला कळू नये असं वाटत असेल तर डिस्कव्हरी सर्व्हर आणि रिले दोन्ही सेटिंगमध्ये बंद करता येतात.

लिनक्स लॅपटॉपवर तर हे घरचंच वाटतं. डिस्ट्रोच्या रिपॉझिटरीतून टाका, सिस्टिमडीची यूजर सर्व्हिस चालू करा (म्हणजे ते लॉगिन केल्यावर आपोआप चालू होतं), ब्राउझरमध्ये लोकलहोस्टचा ८३८४ पोर्ट उघडा, तिथे सिंकथिंगचं सेटिंगचं पान दिसतं. हे पान मुळात फक्त त्याच मशीनवरून उघडतं आणि ते तसंच राहू द्या, दुसऱ्या मशीनवरचं बघायचं असेल तर एसएसएच टनेल (एन्क्रिप्टेड जोडणी) काढा, पण इंटरनेटवर उघडं टाकू नका, निदान पासवर्ड तरी लावा. फोल्डरमध्ये खूप फाइली असतील तर आयनोटिफाय या फाइलींतले बदल कळवणाऱ्या लिनक्सच्या सोयीची मर्यादा वाढवावी लागते, नाहीतर बदल लगेच कळत नाहीत, तासाभराने स्कॅन होईल तेव्हा कळतात. आणि एक खास लिनक्सवाल्यांची अडचण, आपल्याकडे फाइलच्या नावात कोलन चालतो, विंडोजला चालत नाही, तर विंडोज मशीन जोडलेलं असेल तर अशा फाइली तिकडे जातच नाहीत आणि फोल्डर कायम आउट ऑफ सिंक दिसत राहतो.

आता खरा मुद्दा. सिंक म्हणजे बॅकअप नव्हे. एकीकडे डिलीट केलं की दुसरीकडेही डिलीट, ते त्याचं कामच आहे, त्यात त्याची चूक नाही. यावर फाइल व्हर्जनिंग म्हणून सोय आहे, साधी कचरापेटी ठेवा किंवा स्टॅगर्ड निवडा, म्हणजे जुन्या प्रती काळानुसार विरळ होत जातात. पण लोक इथे एक गोष्ट वाचतच नाहीत, की हे व्हर्जनिंग दुसऱ्या डिव्हाइसवरून आलेल्या बदलांनाच लागू होतं. लॅपटॉपवर बसून तुम्हीच फाइल उडवलीत तर लॅपटॉपवरचं व्हर्जनिंग काही वाचवत नाही, प्रत दुसऱ्या मशीनवर सापडेल, तीही तिथे व्हर्जनिंग चालू असेल तरच. म्हणून ते सगळीकडे चालू करा, आणि रेस्टिक किंवा बोर्गसारख्या बॅकअप प्रोग्रामने खरा बॅकअप वेगळा घ्याच.

दोन मशीन एकाच वेळी चालू असतील तरच सिंक होणार हेही उघड आहे, पण लॅपटॉप झाकून निघालो आणि फोनवर फाइल नाही असं झालं की तेव्हाच ते डोक्यात शिरतं. उपाय म्हणजे तिसरं मशीन, जे कायम चालू राहील, एखादा पडून असलेला जुना लॅपटॉप किंवा रास्पबेरी पाय पुरतो. ते मशीन दुसऱ्याच्या घरी किंवा भाड्याच्या सर्व्हरवर असेल तर फोल्डरला एन्क्रिप्शन पासवर्ड द्या, मग तिकडे फाइलींची नावंसुद्धा वाचता येत नाहीत. हा पासवर्ड विसरलात आणि मूळ प्रतही गेली तर संपलं, फोन करायला कस्टमर केअर नाही. बाकी तुमच्या स्वतःच्या लॅपटॉपवर फाइली साध्याच पडलेल्या असतात, तो चोरीला गेला तर सिंकथिंग काय करणार, त्यासाठी लिनक्स इन्स्टॉल करतानाच त्यातल्या लक्स या सोयीने डिस्क एन्क्रिप्ट करायची.

फोटोंसाठी मला हे सगळ्यात आवडतं. फोनचा कॅमेरा फोल्डर दोन्ही बाजूंनी सिंक ठेवायचा, लॅपटॉपवर फोटो बघून जे ठेवायचे ते त्या फोल्डरबाहेर आपल्या अल्बममध्ये हलवायचे, की फोनवरून ते आपोआप जातात आणि जागा मोकळी. उलट कोणाला फोनवरचं काही हलू नये असं वाटत असेल तर फोनवर सेंड ओन्ली करा, म्हणजे फोन फक्त पाठवतो, दुसरीकडचे बदल घेत नाही.

एकच फाइल दोन्हीकडे बदलली तर काय, तर दोन्ही राहतात, जिची बदलल्याची वेळ जुनी तिच्या नावात सिंक-कॉन्फ्लिक्ट लागतं. किपासएक्ससी या पासवर्ड मॅनेजरचा डेटाबेस ठेवत असाल तर त्याच्यातच दोन प्रती मर्ज करायची सोय आहे. पण दोघांनी एकाच डॉक्युमेंटवर एकाच वेळी लिहायचं असेल तर हे त्याचं साधन नाही, त्याला नेक्स्टक्लाउड हे सर्व्हरवर चालणारं सॉफ्टवेअर लावा आणि मग डेटाबेस, अपडेट वगैरे सगळं सांभाळा.

फोनची बाजू मात्र लंगडी आहे. अधिकृत अँड्रॉइड ॲप २०२४ च्या डिसेंबरनंतर बंद झालं, प्ले स्टोअरवर टाकण्याचा त्रास आणि सांभाळायला माणूस नाही अशी कारणं दिली होती. आता सिंकथिंग-फोर्क म्हणून वेगळ्या लोकांनी चालवलेलं ॲप आहे, चांगलं आहे, फक्त वायफायवर किंवा फक्त चार्जिंगला असताना चालव असं सांगता येतं, पण कुठून डाउनलोड करताय ते नीट बघा. आयफोनवर तर इतरांनी बनवलेली ॲप्सच आहेत आणि आयओएस त्यांना बॅकग्राउंडला मनासारखं चालू देत नाही, म्हणजे ॲप उघडून बसावं लागतं.

२०२५ च्या ऑगस्टमध्ये सिंकथिंगचं २.० आलं, डेटाबेस बदलून एसक्यूलाइट केलाय, त्यामुळे जुन्यावरून अपडेट केल्यावर पहिल्यांदा चालू व्हायला बराच वेळ लागू शकतो, अडकलंय समजून मधेच मारू नका. आणि डिलीट केलेल्या फाइलींची नोंद आता १५ महिनेच राहते, तेव्हा त्याहून जास्त काळ कपाटात पडलेलं मशीन जोडणार असाल तर त्याच्यातल्या जुन्या उडवलेल्या फाइली परत उगवू शकतात.

पाचपैकी चार देईन, एक फोनच्या भानगडीसाठी कापलाय, आयफोनवाल्यांनी खुशाल अजून एक कापावा.