तुकडा हार्डॉक्सचा, प्लेट साध्या लोखंडाची

गेल्या महिन्यात रोबोटांच्या झुंजीच्या स्पर्धेत आमचा १५ किलोचा रोबोट पहिल्याच लढतीत फुटला. हरल्याचं दुःख दोन दिवसांत ओसरलं असतं. पण डाव्या बाजूचं चिलखत दुमडून आत गेलं, लिपो (लिथियम पॉलिमर) बॅटरीत घुसलं आणि पिंजऱ्यात एकदम जाळ झाला. वाळूच्या बादल्या घेऊन आत धावलेल्या पोरांपैकी कोणाचा हात भाजला असता, तर आम्ही स्वतःला माफ केलं नसतं. म्हणून हे सगळं सविस्तर लिहितोय. पुण्यात रोबोट बनवणाऱ्या प्रत्येक टीमने ते वाचावं.

आम्ही चौघं, तिसऱ्या वर्षाला मेकॅनिकल. धनकवडीत एका मित्राच्या बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये आमचं काम चालतं. चिलखतासाठी हार्डॉक्स ५०० नावाच्या अतिकडक पोलादाची ४ मिलिमीटर जाड प्लेट लावायचं ठरलं होतं. हे पोलाद रोलिंगनंतर तापवून पाण्यात झपकन थंड करतात, त्यातून त्याला कडकपणा येतो. एमएस (माइल्ड स्टील) म्हणजे साधं लोखंड दर चौरस मिलिमीटरला २५० न्यूटनच्या आसपास कायमचं वाकायला लागतं, हार्डॉक्स ५०० बाराशेच्या पुढे. समोरच्या रोबोटचं हत्यार काय ताकदीचं असतं तेही सांगतो. २ किलोची, ३० सेंटिमीटर लांब पट्टी मिनिटाला ४००० फेऱ्यांनी फिरत असेल, तर तिच्यात सुमारे १३०० ज्यूल ऊर्जा असते. म्हणजे अख्खा १५ किलोचा रोबोट तिसऱ्या मजल्यावरून खाली टाकल्यासारखं.

भोसरीच्या बाजूला एक व्यापारी उरलेल्या प्लेटा किलोवर विकतो, असं सीनियरकडून कळलं होतं. माणूस बोलायला फार गोड. चहा पाजला, स्वतःचा मुलगाही इंजिनीअरिंगला आहे म्हणाला आणि हातभर लांबीचा एक तुकडा काढून दिला. "बाळांनो, माझ्या शब्दावर जाऊ नका. घरी न्या, ठोकून बघा, मग पैसे द्या." असं बोलणाऱ्या माणसावर संशय कसा घ्यायचा?

आम्ही तो तुकडा खरंच ठोकला. तीन इंची पीव्हीसी पाइप उभा बांधला, त्यातून ५ किलोचा लोखंडी दांडा दोन मीटरवरून खाली सोडला. दांड्याच्या नाकाला १२.९ ग्रेडचा, म्हणजे खूप मजबूत ॲलन बोल्ट, खाली लाकडी ठोकळा, त्यावर तुकडा. हा ठोका साधारण १०० ज्यूलचा, हत्याराच्या मानाने काहीच नाही, पण दोन पत्र्यांची तुलना करायला पुरतो. तीनदा सोडला. तुकड्यावर मसुराच्या डाळीएवढा चकचकीत ठिपका उमटला आणि उलट बोल्टचंच नाक चेपलं. आम्ही त्याचा व्हिडिओ काढला, नाचलो आणि दुसऱ्या दिवशी पैसे पाठवले.

पाच चौरस फूट म्हणजे साडेचौदा किलोच्या किंचित वर, किलोला १९० रुपये, झाले २७७५. पक्कं बिल हवं असेल तर वर १८ टक्के जीएसटी, म्हणजे आणखी पाचशे. आम्ही पाचशे वाचवले. पैसे यूपीआयने त्याच्या घरच्या कोणाच्या तरी नावावर गेले. माल मात्र लगेच मिळाला नाही. "आज मशीन मोकळं नाही, आठवड्याने या." त्या आठवड्यातच प्लेट बदलली गेली, अशी माझी खात्री आहे. मिळालेल्या प्लेटवर तोच तांबडा प्राइमर, तीच जाडी. आम्ही ती थेट लेझर कटिंगला नेली.

इथे आमची मोठी चूक झाली. परीक्षा घेतली नमुन्याची आणि रोबोटवर चढवली दुसरीच प्लेट. मिळालेला माल पाइपखाली ठेवायला दहा मिनिटं लागली असती.

खुणा दिसत होत्या. भोकांना काउंटरसिंक करताना, म्हणजे स्क्रूचं डोकं आत बसावं म्हणून भोकाचं तोंड रुंद करताना, साधं एचएसएस (हाय स्पीड स्टील) ड्रिल लोण्यातून जावं तसं गेलं. ड्रिलभोवती स्प्रिंगसारखी लांबच लांब कात्रणं गुंडाळून वर येत होती, अजूनही डोळ्यांसमोर आहेत. खऱ्या हार्डॉक्सला कोबाल्ट ड्रिल लागतं, वेग कमी ठेवून जोर लावावा लागतो, तरी ड्रिलची धार जाते. आम्हाला काम पटापट होतंय याचाच आनंद झाला होता. टेस्ट सर्टिफिकेट म्हणून मिळालेली झेरॉक्सही नीट वाचली नाही. तिच्यावर जाडी ६ मिलिमीटर होती, आमची प्लेट ४ ची. खरेदीदाराच्या नावावर पांढरी पट्टी चिकटवून झेरॉक्स काढलेली. हीट नंबर, म्हणजे पोलाद ज्या घाणीत वितळवलं तिचा नंबर, होता, पण आमच्या प्लेटवर कोणताच नंबर नव्हता, मग जुळवणार कशाशी?

लढतीनंतर उरलेली प्लेट आणि तो जुना तुकडा, दोन्ही घेऊन आम्ही एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारी राष्ट्रीय संस्था) मान्यता असलेल्या लॅबमध्ये गेलो. तिथे अडीच मिलिमीटरचा कडक गोळा ठरावीक भाराने पत्र्यावर दाबतात आणि उमटलेल्या ठशाचा व्यास मोजतात. त्यावरून ब्रिनेल हा कडकपणाचा आकडा निघतो, ठसा लहान तितका पत्रा कडक. तुकड्यावरचा ठसा ०.६९ मिलिमीटर, ब्रिनेल ४९१. प्लेटवरचा ठसा सव्वा मिलिमीटर, ब्रिनेल १४३. हार्डॉक्स ५०० साठी ४७० ते ५३० ची अपेक्षा असते. आमच्या रोबोटवर खिडकीच्या ग्रिलला वापरतात तसलं लोखंड बसवलेलं होतं. ते बाजारात आमच्या दराच्या तिसऱ्या हिश्शात मिळतं.

रिपोर्ट घेऊन व्यापाऱ्याकडे गेलो तेव्हा काकांचा सूर बदललेला. "लेझरच्या उष्णतेने नरम पडली असेल, त्याला मी काय करू? आणि कापलेला माल परत होत नाही." हे उत्तर पुढेही अनेकांना मिळेल, म्हणून सांगतो. हार्डॉक्स अडीचशे अंश सेल्सिअसच्या वर तापवू नये हे खरं आहे, गॅस कटिंग किंवा वेल्डिंगने त्याचा काठ नरम पडतो हेही खरं. पण एवढ्या पातळ प्लेटवर लेझरचा परिणाम काठालगतच्या अगदी अरुंद पट्ट्यापुरता राहतो. आमचे ठसे काठापासून चांगले चार बोटं आत घेतले होते. हे सांगितल्यावर त्यांनी फोन घेतला आणि आत निघून गेले.

ग्राहक हेल्पलाइनला १९१५ वर फोन केला, तक्रार नोंदवली. जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, दोन वर्षांची मुदत असते, तिथेही अर्ज करणार आहोत. पण हातात पक्कं बिल नाही. व्हॉट्सॲपवरचा "हार्डॉक्स ५००, ४ एमएम, रेडी आहे" हा त्यांचा मेसेज आणि यूपीआयची नोंद, एवढ्यावरच उभं राहायचं आहे. ते पाचशे रुपये आज फार महाग वाटतात.

प्लेट घेताना वजनावर जाऊ नका, दोन्हींची घनता जवळपास सारखीच असते. चुंबक दोन्हींना चिकटतं. ग्राइंडरच्या ठिणग्यांवरून ओळखतो असं कोणी म्हणालं तरी भुलू नका, कारण दोन्हींत कार्बन ०.३ टक्क्यांच्या आतबाहेरच, ठिणगी फारशी वेगळी पडत नाही. फरक दिसतो तो सेंटर पंचने, म्हणजे ड्रिलआधी खूण करायच्या टोकदार पंचने. खिशात पंच आणि हातोडी घेऊन जा आणि पैसे देण्याआधी, जी प्लेट गाडीत चढणार आहे तिच्यावरच दुकानदारासमोर एक ठोका मारा. साध्या लोखंडात पंच खोल रुततो, काठाला गोल कडं उठतं. हार्डॉक्सवर तो टणकन उडतो, जेमतेम खूण राहते. कानस घासून बघा, साध्या पत्र्यावर ती चावते, कडक पत्र्यावर सरकते. सर्टिफिकेट ३.१ प्रकारचं, म्हणजे कारखान्याने त्याच मालाच्या तपासणीवर दिलेलं, मागा, त्यातला हीट नंबर प्लेटवरच्या नंबराशी स्वतः जुळवा. प्लेट कापून देणार असतील तर नंबर असलेला भाग तुमच्या तुकड्यात येऊ द्या, नाहीतर कापण्याआधी त्याचा फोटो काढा.

आमचा पाइप, दांडा आणि तो अस्सल तुकडा पार्किंगमध्ये अजून तसाच आहे. पुढच्या फेस्टसाठी कोणी प्लेट घेतली असेल, तर लेझरला देण्याआधी रविवारी सकाळी घेऊन या. तुकडा आणि तुमची प्लेट शेजारी ठेवून ठोकून बघू.