कीकॅडमधून असेंब्ली ड्रॉइंग छापणं: आठ महिन्यांच्या वापरानंतर

आमच्याकडे इलेक्ट्रॉनिक सर्किटचे बोर्ड हातानेच भरले जातात, म्हणजे पार्ट हाताने सोल्डर करून बसवतात. टेबलाशी दोन ताई, सोल्डरिंग आयर्न, भिंगाचा दिवा आणि समोर टेपने चिकटवलेला ए-४ कागद, म्हणजे कुठला पार्ट कुठे बसतो ते दाखवणारं असेंब्ली ड्रॉइंग. तो कागद वाचता आला नाही तर डिझाइन कितीही चांगलं असो, बोर्ड चुकतो. म्हणून कीकॅड ९ (बोर्ड डिझाइन करायचं सॉफ्टवेअर) घेतल्यावर सगळ्यात जास्त वेळ मी या एका कागदावर घालवला, आणि तो सत्कारणी लागला.

सुरुवातीला मी सिल्कस्क्रीनचा, म्हणजे प्रत्यक्ष बोर्डावर छापल्या जाणाऱ्या अक्षरांचा लेयर छापायचो. त्यात पार्टचं नाव पार्टच्या बाहेर, जागा मिळेल तिथे असतं. दाटीच्या बोर्डवर कुठलं नाव कुणाचं हेच कळत नाही. फॅब लेयरमध्ये (पार्टच्या आकाराचं रेखाटन असलेला लेयर) नाव पार्टच्या पोटात असतं, म्हणून छापायचं तर तेच. पण ०६०३ या छोट्या मापाच्या पार्टच्या फूटप्रिंटमध्ये (बोर्डावरच्या त्याच्या जागेच्या आराखड्यात) ती अक्षरं फक्त ०.४ मिमीची येतात. मी सगळी एकदम ०.५ केली आणि प्लॉटमध्ये (छपाईची फाइल काढताना) स्केल ३:१ ठेवलं. आमचा बोर्ड ६० × ९० मिमी, म्हणजे कागदावर १८० × २७०. ए-४ वर व्यवस्थित बसतो आणि अक्षर दीड मिमीचं होतं. व्हॅल्यू (पार्टचं मूल्य) छापणं बंद केलं, ती पार्ट्सच्या यादीत आहेच. एज कट्सचा लेयर मात्र सोबत हवाच, नाहीतर बोर्डाची कडच दिसत नाही.

तिसऱ्या महिन्यात एक चूक झाली, ती अजून डोळ्यासमोर आहे. बोर्डावरचे आकडे इंग्रजी. एका ताईंनी हाताला सोयीचं म्हणून कागद फिरवून धरला आणि सी-६८ चा कपॅसिटर सी-८९ च्या जागी गेला. इंग्रजी ६८ उलटं धरलं की ८९ च दिसतं! सहा बोर्ड उकलावे लागले. चूक त्यांची नव्हती, कागदाची होती. आता वरच्या कडेला, कनेक्टरशेजारी, यूझर लेयरवर (आपल्या टिपांसाठीच्या मोकळ्या लेयरवर) ठळक 'वर' लिहिलेलं असतं. कीकॅडच्या आवृत्ती ७ पासून संगणकातले फॉन्ट चालतात, त्यामुळे ते देवनागरीतच लिहिता आलं.

खालच्या बाजूचा कागद आरसा करून वेगळा छापावा लागतो. विसरलात तर सगळं डावं-उजवं. आवृत्ती ९ मधल्या जॉबसेटमध्ये (छपाईची कामं साठवून ठेवायची सोय) दोन्ही बाजूंची सेटिंग एकदा साठवली, तेव्हापासून ते विसरणं बंद झालं.

डायोडचं मात्र अजून मनासारखं जमलेलं नाही. तो वीज एकाच दिशेने जाऊ देतो, म्हणून त्याचं कॅथोडचं टोक कुठलं ते कागदावर दिसायला हवं. आमच्या डायोडच्या फूटप्रिंटमध्ये फॅब लेयरवर कॅथोडची बाजू कोपरा कापून दाखवलेली आहे, आणि छोट्या डायोडवर तो कोपरा भिंगाखालीही पटकन नजरेत भरत नाही. मी प्रत्येक डायोडशेजारी हाताने कॅथोडचा 'के' टाकतो. बोर्डावर चौदा डायोड आहेत, आणि एखादा सरकवला की त्याचा 'के' जुन्याच जागी राहतो. म्हणून छापण्याआधी ते चौदाही एकेक करून तपासतो.