टूरिंग बाईकला तीन चाकं: कुठलं किट, कोणासाठी?

दादाच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा डॉक्टरांनी बाईक सोडा असं म्हटलं नव्हतं. चालवताना त्याला काही त्रासही नव्हता. त्रास होता थांबताना. चारशे किलोच्या घरातली होंडाची गोल्ड विंग, मागे वहिनी, तिन्ही डिक्क्या भरलेल्या, आणि पाय टेकवायचा तिथे नेमका रस्ता उतरता. एका थांब्यावर गुडघ्याने दगा दिला आणि गाडी हळूहळू, अगदी डोळ्यांदेखत आडवी झाली. दोघांनाही लागलं नाही, पण त्या दिवसानंतर वहिनी मागे बसायला कचरायला लागली. गाडी विकायची की तिला तीनचाकी करायची, यावर घरात बरेच महिने खल चालला. त्या काळात जे पाहिलं, चालवलं आणि जे उघडून पुन्हा बसवावं लागलं, त्यावरून हे लिहितो आहे.

गाडी तीनचाकी करायला जोडायच्या भागांचा संच म्हणजे किट. किटांची नावं, रंग, डिकीचा आकार हे सगळं नंतर बघा. आधी एकच ठरवायचं: तुम्हाला वळणावर गाडी झुकायला हवी आहे का? झुकणं सोडायची तयारी असेल तर एक वाट, नसेल तर दुसरी. बरेच जण हे न ठरवता किट घेतात आणि मग सहा महिन्यांत गाडी विकायला काढतात. त्यांचं किट वाईट नसतं, त्यांची वाटच वेगळी असते.

पूर्ण ट्राईक किट

ट्राईक म्हणजे तीनचाकी बाईक. यात मागचं चाक आणि स्विंगआर्म (ते चाक धरणारा दांडा) निघतो. त्याजागी नवी फ्रेम येते, मध्ये डिफरन्शियल (वळणात दोन्ही चाकांना वेगवेगळ्या गतीने फिरू देणारी गिअरपेटी), दोन्ही बाजूंना मोटारीसारखी रुंद टायरची चाकं आणि वर नवी बॉडी. गोल्ड विंगसारख्या शाफ्टच्या (चेनऐवजी फिरता दांडा असलेल्या) गाडीत शाफ्टचं टोक थेट डिफरन्शियलला जोडतात, हार्ले डेव्हिडसनच्या टूरिंग गाड्यांत बेल्टची पुली डिफरन्शियलवर येते. वजन सहज शंभर किलोंहून जास्त वाढतं आणि मागची रुंदी सव्वा ते दीड मीटरच्या आसपास जाते. थांबल्यावर पाय खाली टेकवायची गरजच उरत नाही, आणि ज्याचा गुडघा किंवा कंबर साथ देत नाही त्याला हे सुख शब्दांत सांगता येणार नाही.

पण चालवणं मुळापासून बदलतं. दुचाकीवर वेगात डावीकडे वळायचं तर आपण डावी मूठ हलकेच पुढे ढकलतो, गाडी डावीकडे कलते आणि वळते. हे आपण विचार करून करत नाही, अंगात भिनलेलं असतं. ट्राईकवर डावी मूठ पुढे ढकलली की गाडी सरळ उजवीकडे जाते. पहिल्या दिवशी दादा मोकळ्या मैदानात चकरा मारत होता. तिसऱ्या वळणाला त्याच्या हातांनी जुनीच सवय वापरली आणि गाडी मैदानाच्या कडेच्या गवतात शिरली. वेग पंधरा-वीसचा होता म्हणून निभावलं. तीस वर्षं दुचाकी चालवलेल्या माणसाला नवशिक्यापेक्षा जास्त वेळ लागतो, कारण त्याला आधी जुनं विसरायचं असतं.

दुसरी सवय पायांची. सिग्नलला वेग कमी होताच डावा पाय आपोआप खाली जातो. ट्राईकवर गाडी सरकत असताना पाय खाली गेला की मागचं रुंद टायर मागून येऊन टाचेवर चढतं. दादाच्या डाव्या बुटाच्या मागच्या कडेवर टायरची नक्षी अजून उमटलेली आहे. पाय फूटबोर्डवरच ठेवायचे, गाडी पूर्ण थांबली तरी. ही गोष्ट किट बसवणाऱ्याने सांगायला हवी होती. कोणी सांगितली नाही, म्हणून मी ठासून सांगतो.

तिसरी गोष्ट वळणातल्या ब्रेकची. गाडी कलत नसल्यामुळे वळणावर ती बाहेरच्या बाजूला उलथू पाहते, वेग जास्त झाला की आतलं मागचं चाक हलकं होतं. त्यात ब्रेक दाबला तर भार पुढे आणि बाहेर, म्हणजे तिरका जातो, आणि नेमक्या त्या कोपऱ्यात या गाडीला चाकच नसतं. म्हणून वेग वळणाआधी कमी करायचा, वळणात नाही.

खड्ड्यांचंही गणित वेगळं. दुचाकीला एकच माग असतो, खड्डा चुकवला की चुकला. ट्राईकचे तीन माग. मधला चुकवला तर कडेचं चाक त्यात जातं. रस्ता कडेला उतरता असेल तर गाडी त्या बाजूला ओढते आणि हँडल सतत थोडं धरून ठेवावं लागतं.

रेक: जे टाळू नये

आता सगळ्यात महत्त्वाचं. स्टिअरिंगच्या मधल्या दांड्याची रेषा जमिनीपर्यंत ओढली तर ती टायर जिथे टेकतो त्याच्या थोडी पुढे टेकते. या अंतराला ट्रेल म्हणतात. दुचाकीला ट्रेल हवाच, ती सरळ राहायला त्याची मोठी मदत होते. ट्राईकला तो जाच होतो: गाडी कलत नाही, मग प्रत्येक वळण हातांच्या ताकदीने घ्यावं लागतं. म्हणून पुढचे क्लॅम्प (फोर्क, म्हणजे पुढचं चाक धरणारे दांडे, पकडून ठेवणारे भाग) बदलून फोर्क साधारण ४ ते ६ अंश आणखी पुढे तिरका करतात. यालाच रेक करणं म्हणतात. चाक पुढे सरकतं, ट्रेल कमी होतो आणि हँडल हलकं होतं.

दादाच्या गाडीचं पहिलं फिटिंग ज्या गॅरेजमध्ये झालं तिथे सांगण्यात आलं की रेक हवाच असं नाही, नंतर बघू. आम्ही ऐकलं. पहिल्याच लांबच्या फेरीत दोनशे किलोमीटरनंतर दादाचे खांदे भरून आले. घाटात तर तो प्रत्येक वळणाला हँडलशी झोंबत होता. पुढची बाजू पुन्हा उघडून रेक बसवला, तेव्हा त्याला वाटलं की आता ही आपली गाडी झाली. तो खर्च आणि ते दोन आठवडे वाचवता आले असते. तुम्ही किटचा भाव विचाराल तेव्हा रेकसकट विचारा. रेकशिवाय सांगितलेला भाव हा अर्धवट भाव आहे.

एक बारकावा: रेक केल्यावर काही गाड्यांचं हँडल कमी वेगात थरथरतं. त्यावर स्टिअरिंग डॅम्पर (थरथर शोषणारा दांडा) लावतात, आणि तो लावावा. आणि पुढे कधी गाडी परत दुचाकी करायची झाली तर जुने क्लॅम्प परत बसवणं सक्तीचं समजा. कमी ट्रेलची दुचाकी वेगात जीवघेणी होऊ शकते.

सलग अॅक्सल की स्वतंत्र सस्पेन्शन?

पूर्ण किटमध्ये हा दुसरा फाटा. सलग अॅक्सलमध्ये दोन्ही चाकं एकाच आडव्या घरात बांधलेली असतात. भाग कमी, देखभाल कमी, वळणात गाडी कमी डोलते. पण एक चाक दगडावर चढलं की सगळी गाडी त्या बाजूने उचलली जाते, आणि मागे बसणाऱ्याला ते आधी कळतं. स्वतंत्र सस्पेन्शनमध्ये प्रत्येक चाक आपापलं वरखाली होतं. खराब रस्त्यावर फरक कंबरेला जाणवतो. त्याबदल्यात किंमत जास्त, सीव्ही जॉइंटचे (चाकाकडे जाणाऱ्या दांड्याच्या वळत्या सांध्यांचे) रबरी बूट अधूनमधून तपासावे लागतात, चाकांचं अलाइनमेंट बघावं लागतं आणि अँटी-रोल बार (डोलणं रोखणारी दांडी) नसेल तर वळणात गाडी बाहेरच्या बाजूला बसते.

माझं मत स्पष्ट आहे. बहुतेक फिरणं गुळगुळीत हायवेवर आणि एकट्याने असेल तर सलग अॅक्सलने काही बिघडत नाही. हार्लेची २००९ साली कंपनीतूनच आलेली ट्राय ग्लाइड सलग अॅक्सलवरच होती, आणि लोक तिच्यावर लांब लांब फिरले. पण मागे कोणी नेहमी बसत असेल, त्याची किंवा तिची पाठ दुखरी असेल, तर स्वतंत्र सस्पेन्शनसाठी थांबा, पैसे साठवा. वहिनीला दोन्हींवर बसवून आणल्यावर दादाने दुसरा विचार केला नाही.

जोडचाकं

यात गाडीचं मागचं चाक जागेवरच राहतं आणि दोन्ही बाजूंना आपापलं सस्पेन्शन असलेली दोन चाकं फ्रेमला बोल्टने जोडतात. म्हणायला ट्राईक, मोजायला चार चाकं. कापाकापी नाही, शाफ्टला किंवा बेल्टला हात लावायचा नाही, गोल्ड विंगचा रिव्हर्स जसा होता तसाच चालतो, आणि वाटलं तर काढून टाकता येतात. घरी पानेबिने नीट असतील आणि दोन माणसं असतील तर एका दिवसाचं काम.

पण यात एक गैरसमज आहे. मागचं चाक तेच, म्हणून गाडी दुचाकीसारखीच वळेल असं लोकांना वाटतं. ती झुकत नाही. म्हणजे हँडलची सगळी शिकवणी पुन्हा, आणि रेकचा प्रश्नही तोच. शिवाय जमीन उंचसखल असली की कडेची चाकं भार पेलतात आणि जोर देणारं मधलं चाक हलकं होऊन जागच्या जागी फिरतं. ओल्या उतारावर गाडी वळवून लावताना मी हे स्वतः अनुभवलं आहे. गाडी बदलायचा विचार दोनेक वर्षांत असेल किंवा आजारपण तात्पुरतं असेल, तर जोडचाकं उत्तम. कायमचा उपाय म्हणून मी ती सुचवणार नाही.

झुकणं सोडायचं नसेल तर

दोन उपाय आहेत. पहिला, थांबायच्या बेतात आलं की बाजूने खाली उतरणारी आणि वेग घेतला की वर जाणारी छोटी आधारचाकं. बाकी वेळ तुमची गाडी शंभर टक्के दुचाकी असते. फक्त पाय टेकवणं जड जात असेल आणि तोल, नजर, हात सगळं ठीक असेल, तर लोकांनी आधी हा पर्याय बघावा असं मला मनापासून वाटतं. तो सहसा कोणी सुचवत नाही.

दुसरा, पुढे दोन झुकणारी चाकं. पियाजिओच्या एमपी३ स्कूटरने २००६ साली ही रचना रोजच्या वापरात आणली, यामाहाची निकेन २०१८ साली आली, आणि जड टूरिंग गाड्यांसाठी अशी किटंही मिळतात. वळणं दुचाकीसारखीच घेता येतात आणि पुढे पकड जास्त. घेताना एक प्रश्न न चुकता विचारा: थांबल्यावर झुकणं लॉक होतं का? एमपी३मध्ये होतं, निकेनमध्ये होत नाही. लॉक नसेल तर सिग्नलला पाय टेकवावाच लागतो, मग गुडघेदुखीसाठी एवढा खर्च वाया. ही किटं महाग असतात, पुढची जुळणी किचकट असते आणि ती जाणणारा मेकॅनिक सहज सापडत नाही.

झुकणं हवं असो वा नसो, किटऐवजी कंपनीतूनच तीनचाकी आलेली गाडी हाही पर्याय. ब्रेक, एबीएस, रिव्हर्स आणि वॉरंटी एका हातात राहते. पुढे दोन चाकांची कॅन-ॲम स्पायडर झुकत नाही, पण वळणात ब्रेक लागला तर ज्या कोपऱ्यात भार जातो तिथे तिला चाक असतं. जुनी गाडी विकून चांगले पैसे येत असतील तर हा हिशेब नक्की मांडा. आमच्याकडे तो बसला नाही, दादाचा जीव त्या गाडीत अडकला होता.

फिटिंग घरी की गॅरेजमध्ये?

पूर्ण किट घरी बसवणारे लोक आहेत, पण मी ते सुचवणार नाही. बॅटरी काढणं, डिक्क्या, सायलेन्सर आणि स्विंगआर्म उतरवणं जमेल. अडतं ते पुढे: डिफरन्शियलची जुळणी, ब्रेकच्या नळ्यांतली हवा काढणं, एबीएसचे सेन्सर, आणि टायरचा घेर बदलल्यामुळे चुकणारा स्पीडोमीटर. हे काम आधी अनेकदा केलेल्या माणसाकडेच द्या आणि तिथे जाऊन उभे राहा. चारच गोष्टी विचारा: फ्रेम कुठे कापावी लागणार? हँडब्रेक किटमध्ये आहे का, कारण ही गाडी उतारावर नुसत्या गिअरच्या भरवशावर सोडायची नसते. रिव्हर्स राहणार की वेगळा घ्यावा लागणार? आणि पहिल्या शंभर किलोमीटरनंतर सगळे नट टॉर्क रेंचने (ठरावीक जोराने आवळणाऱ्या पान्याने) पुन्हा कोण तपासणार? आमच्या गाडीचे चाकाचे दोन नट तेव्हा पाव फेरा आत गेले.

नोंदणी, विमा आणि परवाना यांचे नियम प्रत्येक ठिकाणी वेगळे आहेत. किटची आगाऊ रक्कम देण्यापूर्वी संबंधित कार्यालयांचं लेखी उत्तर हातात घ्या.

आणि किट कापाकापीशिवाय बसत असेल तर जुने भाग भंगारात देऊ नका. दादाने मागचं चाक, स्विंगआर्म आणि पुढचे क्लॅम्प तेल लावून गोणपाटात गुंडाळून माळ्यावर ठेवले आहेत. प्रत्येक बोल्ट वेगळ्या पिशवीत आहे आणि पिशवीवर तो कुठला, हे वहिनीच्या अक्षरात लिहिलेलं आहे.