फ्लुओक्सेटिन: जुनं झालंय, पण कामाचं आहे

डिप्रेशनवरचं औषध, प्रोझॅक नावाने गाजलं तेच हे. १९८७ च्या शेवटी अमेरिकेत मंजुरी मिळाली, २००१ मध्ये तिथलं पेटंट संपलं आणि जेनेरिक कंपन्या तुटून पडल्या, त्यामुळे आता ना जाहिरात ना गाजावाजा, तरी डॉक्टर लिहून देतातच. डब्ल्यूएचओच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीतही आहे. डिप्रेशन तर झालंच, शिवाय ओसीडी (तेच तेच विचार, तीच तीच कृती पुन्हा पुन्हा, तो आजार), पॅनिक अटॅक आणि बुलिमिया (खा खा खाऊन मग उलटी काढायची, तो आजार) यांनाही चालतं.

आधीच सांगते, सुरुवातीचे दोनेक आठवडे मूडबिड काही सुधारत नाही. उलट मळमळ, आतून नुसती तगमग आणि रात्री टक्क जाग, वाटतं हे घेऊन आपण बिघडलोच की काय. कॅप्सूल सकाळी घ्यायला लागले तेव्हा झोप जरा रुळावर आली. आणि फरक पडला तोही आनंदीआनंद वगैरे नाही, फक्त आंघोळीला जायचंय म्हणून तासभर पलंगावर बसून राहणं बंद झालं, उठायचं आणि जायचं, बास. मला तेवढंच हवं होतं.

याची खरी खासियत म्हणजे शरीरातून निघायला लागणारा वेळ. पॅरोक्सेटिन किंवा व्हेनलाफॅक्सिन या डिप्रेशनवरच्याच दुसऱ्या औषधांचा डोस चुकला तर चक्कर येते, डोक्यात करंट बसल्यासारखं होतं, पण फ्लुओक्सेटिन शरीरात मोडून जे नॉरफ्लुओक्सेटिन बनतं ना, ते नुसतं निम्म्यावर यायलाच ४ ते १६ दिवस लागतात, त्यामुळे माझ्यासारख्या विसरभोळ्यांना बरंय. अर्थात सोसलं नाही तर हेच अंगाशी येतं, कारण बंद केलं तरी आठवडेच्या आठवडे रेंगाळतं, एमएओआय गटातलं (डिप्रेशनवरच्या जुन्या औषधांचा गट) औषध सुरू करायचं तर मध्ये किमान ५ आठवडे जाऊ द्यावे लागतात. स्तनाच्या कॅन्सरवरच्या टॅमॉक्सिफेनचा असरही हे कमी करू शकतं, म्हणून चालू असलेल्या सगळ्या गोळ्या डॉक्टरांना दाखवाच. पंचविशीच्या आतल्यांमध्ये सुरुवातीला आत्महत्येचे विचार वाढू शकतात, तेव्हा घरच्यांनी लक्ष ठेवायचं, आणि असं काही वाटलं तर पुढच्या तारखेची वाट न बघता लगेच डॉक्टर.

पाचपैकी चार स्टार. एक कापला तो सेक्सची इच्छा पार मावळते त्यासाठी. हे कुणी आपणहून विचारत नाही, लाज सोडून आपणच बोलायचं, डोस कमी करता येतो नाहीतर औषध बदलून देतात.