आघातानंतर मदत घ्यायचीय, पण आधी कुणाची? ठाणे-नवी मुंबईकरांसाठी आढावा

अपघात, हल्ला, अत्याचार, डोळ्यांदेखत गेलेलं माणूस. अशा घटनेनंतर पहिले काही आठवडे झोप उडते, माणूस दचकतो, तेच तेच डोळ्यांसमोर येतं. बऱ्याच जणांचं हे आपोआप ओसरतं. महिना उलटूनही लोकलचा भोंगा ऐकून घाम फुटत असेल, तर मात्र 'होईल बरं' म्हणत बसू नये.

खरा पेच पुढे असतो: सायकियाट्रिस्ट की सायकॉलॉजिस्ट? सायकियाट्रिस्ट एमबीबीएसनंतर मनोविकारशास्त्र शिकलेले डॉक्टर. दोघांपैकी गोळ्या तेच लिहून देतात. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट बोलण्यातून उपचार करतात. त्यांच्याकडे आरसीआयची (भारतीय पुनर्वास परिषदेची) नोंदणी असते, तिचा क्रमांक बिनदिक्कत विचारावा. 'काऊन्सेलर' या पाटीमागचं शिक्षण मात्र माणसागणिक बदलतं.

आघाताच्या बाबतीत माझा कल सरळ बोलण्याच्या उपचारांकडे आहे, पण कुठल्याही बोलण्याकडे नाही. 'मन मोकळं करा' एवढ्यावर हे भागत नाही. आघात-केंद्रित सीबीटी (विचार आणि वागण्याच्या सवयी बदलायला शिकवणारी थेरपी) आणि ईएमडीआर या दोन पद्धतींची शिफारस जागतिक आरोग्य संघटनेने 2013 मध्ये केली आहे. ईएमडीआरमध्ये ती आठवण मनात धरायची आणि समोरच्याची डावी-उजवीकडे सरकणारी बोटं नजरेने टिपायची. बघणाऱ्याला जादूचा खेळ वाटेल, वाटू दे. एकाच घटनेचा आघात असेल तर साधारण 8 ते 12 सेशन्स धरून चालावं. लहानपणापासूनचं साचलेलं असेल तर जास्त.

गोळ्या कमी दर्जाच्या नव्हेत. सर्ट्रालिनसारखं औषध अनेकांना उपयोगी पडतं, फक्त गुण यायला काही आठवडे लागतात. घटनेनंतर महिन्याभराच्या आत केमिस्टकडून किंवा शेजारच्या काकूंकडून झोपेची गोळी आणून घेणं मात्र टाळाच. जेवण, नोकरी कसंबसं चालू असेल तर आधी सायकॉलॉजिस्ट. रात्रीच्या रात्री डोळा लागत नाही, दारू वाढलीय, जीव नकोसा झालाय, अशी अवस्था असेल तर त्याच दिवशी सायकियाट्रिस्ट. दार उघडं सापडेपर्यंत टेली-मानस या सरकारी हेल्पलाइनचा 14416 हा मोफत क्रमांक. तो चोवीस तास चालू असतो, मराठीत बोलता येतं.

आता कुठे जायचं. ठाण्याच्या मनोरुग्णालयाचं नाव निघालं की अजून आवाज खाली जातो. 1901 पासूनची संस्था आहे, आणि ओपीडीत गेलं म्हणजे ॲडमिट झालं असं नसतं. केसपेपर काढायचा, दाखवायचं, घरी यायचं. खर्च कमी, पण सरकारी ओपीडीच्या गर्दीत दर आठवड्याला निवांत तासभर मिळेल ही अपेक्षा ठेवू नका. खासगीत वेळ मिळतो आणि खिसाही रिकामा होतो, त्यामुळे फी फोनवरच विचारा. ठाण्यातच डॉ. आनंद नाडकर्णींनी 1990 मध्ये सुरू केलेली आयपीएच (इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ) ही मानसिक आरोग्य संस्था आहे. नवी मुंबईकरांना नेरुळचं डी. वाय. पाटील किंवा कामोठ्याचं एमजीएम रुग्णालय जवळ पडेल.

अंतर किरकोळ समजू नका. ज्याचा अपघात रेल्वेतच झालाय, त्याला ट्रान्सहार्बरने ठाण्याला बोलावणं म्हणजे सेशन बुडवायची सोय. रिक्षाच्या टप्प्यातलं ठिकाण बघा, नाहीतर ऑनलाइन. पण घणसोलीच्या वन बीएचकेमध्ये स्वयंपाकघरात सासूबाई कुकर लावत असताना बाई काय बोलणार? अशांनी खाली पार्किंगमध्ये गाडीत बसून सेशन घ्यावं, किंवा जवळच्या मैत्रिणीची खोली तासभर मागून घ्यावी.

2017 च्या मानसिक आरोग्य कायद्याने विमा कंपन्यांना मानसिक आजार शारीरिक आजारांसारखेच धरायला लावले आहेत, पण बऱ्याच पॉलिसी ॲडमिट झाल्यावरच पैसे देतात. दर आठवड्याची फी बहुधा तुमचीच.

अपॉइंटमेंट घेताना एकच विचारा: 'तुम्ही आघातावर कोणत्या पद्धतीने काम करता?' उत्तरात पद्धतीचं नाव आलं पाहिजे. आणि पहिल्याच भेटीत कुणी घडलेलं सगळं बारीकसारीक तपशिलासकट सांगायचा हट्ट धरला, तर उठून यायला हरकत नाही.